निदान न झालेला आजार आणि परदेशी उपचार : आधी फाइल पाठवा, पेशंट नंतर

लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा पासपोर्ट तयार असतो आणि रिपोर्ट मात्र साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले असतात. "दोन वर्षं झाली, कुणालाच काही कळेना. आता बाहेरच्या देशात दाखवायचं ठरवलंय, कुठं जाऊ?" खरं तर हा प्रश्न शेवटचा आहे. तो पहिला विचारला की पुढचं सगळं उलट्या क्रमानं होतं. आधी एजंट, मग व्हिसा, मग तिकीट, आणि तिथं पोचल्यावर डॉक्टर विचारतात, "आधीच्या बायोप्सीची स्लाइड आणलीत का?" तेव्हा घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात.

आमच्या घरी हेच झालं. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तीन वर्षं खोकत होता. वजन उतरलं, थंडीत बोटं पांढरीफटक पडायची, मूठ वळेना. टीबीचा पुरावा नसताना टीबीची औषधं दोनदा घेऊन झाली. शेवटी ऊस आणि थोडी ठेव मोडून आम्ही त्याला आग्नेय आशियातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आमची सीडी त्यांच्या संगणकावर उघडलीच नाही, म्हणून सीटी पुन्हा. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मिरजेच्या लॅबमध्ये राहिलेला, म्हणून दुर्बिणीची तपासणी पुन्हा. अकरा दिवस आणि साडेनऊ लाख रुपये गेले, हातात आलं ते "निश्चित निदान नाही" असं लिहिलेलं पत्र. निदान पुढं झालं, पण ते कसं हे त्या त्या टप्प्यावर सांगते.

आधी हे वाचा : धाप वाढत असेल, फिट येत असतील, शौचातून किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, अंगाची एक बाजू अचानक लुळी पडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. पुढचं सगळं स्थिर असलेल्या पेशंटसाठी आहे.

## १. पिशवी रिकामी करा, फाइल लावा

याला दहा-पंधरा दिवस द्या. घाई करू नका, पुढचा सगळा डोलारा यावर उभा राहतो.

डायनिंग टेबल मोकळं करा आणि सगळे कागद तारखेनं लावा. डॉक्टरनुसार लावू नका. आम्ही आधी डॉक्टरनुसार लावले होते, त्यामुळं आजार कसा पुढं सरकला ते दिसतच नव्हतं. लावताना काही गोष्टी लक्षात येतील. ईसीजीचे कागद पांढरे पडलेत, कारण तो थर्मल कागद असतो आणि उन्हापाण्यानं अक्षरं उडतात. जे शिल्लक आहे त्याचा आज फोटो काढा. एक्स-रेच्या फिल्मा एकमेकींना चिकटल्यात, त्या ओढून काढू नका.

मग काय नाही याची यादी करा. बहुतेक घरांत नसतं ते असं :

- सीटी, एमआरआयची मूळ डिजिटल चित्रं. छापील फिल्म किंवा रिपोर्टचा कागद पुरत नाही. सेंटरमध्ये जाऊन "डायकॉम फाइल पाहिजेत" असं याच शब्दांत सांगा. सीडीवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीवर घ्या.
- बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. रिपोर्ट हे एका पॅथॉलॉजिस्टचं मत असतं. ब्लॉक ही मूळ वस्तू आहे, त्यातून पुन्हा नवीन काप काढता येतात. लॅब सही घेऊन देते.
- दाखल असतानाचे पूर्ण केसपेपर. डिस्चार्ज कार्ड हा त्यांचा सारांश असतो, त्यात अर्ध्या गोष्टी नसतात.
- जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा कच्चा डेटा. रिपोर्टमध्ये "काही सापडलं नाही" असलं तरी तोच डेटा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासला तर उत्तर मिळू शकतं, कारण मधल्या काळात नवीन जनुकांची माहिती जमा होते.

दवाखाना कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. म्हणजे तीन वर्षं उलटायच्या आत मागा, नंतर त्या मिळतीलच असं नाही.

तपासून घ्या : प्रत्येक सीडी घरातल्या नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून बघा. चित्रं दिसतात का, नाव आणि तारीख बरोबर आहे का. आमची साडेनऊ लाखांतली मोठी रक्कम या पाच मिनिटांच्या कामात वाचली असती.

नेहमीची चूक : नावाचा घोळ. माहेरचं नाव एका रिपोर्टवर, सासरचं दुसऱ्यावर, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. परदेशी हॉस्पिटल अशी फाइल दोन वेगवेगळ्या पेशंटची धरतं. नावबदलाचा पुरावा फाइलच्या पहिल्या पानामागं लावा आणि इथून पुढं प्रत्येक तपासणी पासपोर्टवरच्या नावानंच करा.

## २. एका पानाचा गोषवारा लिहा

तीनशे पानं कुणी वाचत नाही. पहिलं पान वाचतात, आणि ते पटलं तरच पुढची उघडतात. हे पान इंग्रजीत लागेल, पण आधी मराठीत नीट लिहा, मग फॅमिली डॉक्टरांकडून किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून भाषांतर करून घ्या आणि डॉक्टरांची नजर त्यावरून फिरवा.

नमुना असा :

> पुरुष, ४४ वर्षं. राहणार करवीर तालुका. काम : फाउंड्रीत ११ वर्षं, त्यातली ७ कास्टिंग घासण्याच्या विभागात.
> मुख्य तक्रार : कोरडा खोकला व धाप (३ वर्षं), थंडीत बोटं पांढरी पडणं (२ वर्षं), बोटांची कातडी ताठरणं (१ वर्ष), वजन ६८ वरून ५५ किलो.
> कशानं वाढतं : जिना, थंड पाणी. कशानं कमी : फरक नाही.
> आजवर दिलेली औषधं : टीबीची औषधं दोनदा (महिने आणि परिणाम लिहावा), स्टेरॉइड १ महिना (थोडा आराम).
> ज्या गोष्टी तपासून नाकारल्या : ...
> ज्या अजून तपासल्या नाहीत : ...
> आमचे तीन प्रश्न : ...

यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ "काम" ही आहे, आणि आमच्या तीन वर्षांच्या कागदांत ती कुठंच नव्हती. प्रत्येक केसपेपरवर "व्यवसाय : नोकरी" एवढंच. दादा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सात वर्षं वाळू लागलेली कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) घासायचा, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

म्हणून कोल्हापूरच्या माणसानं आपल्या पानावर हे मुद्दाम लिहावं. फाउंड्रीत काम केलंय का, सिलिकाच्या (वाळूच्या बारीक) धुळीत किती वर्षं? हुपरीत चांदी वितळवणं, डाग देणं, धुराजवळ बसणं झालंय का? उसावर, भाजीवर फवारणी कोण करतं, हातमोजे घालून की तसंच? म्हशीची धार कोण काढतं? दूध न तापवता पिता का? गंगावेशीत समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणं ही आपल्याकडची साधी गोष्ट आहे, पण परदेशातल्या डॉक्टरच्या डोक्यात ती येणारच नाही. कच्च्या दुधातून आणि जनावरांशी संपर्कातून ब्रुसेलोसिस होतो. चढउतार करणारा ताप, कंबरदुखी, सांधे, घाम, महिनोन्महिने. नेहमीच्या तापाच्या तपासण्यांत तो सापडत नाही, लॅबला मुद्दाम सांगावं लागतं. कुठल्या वैद्याकडून भस्म घेतलं असेल तर तेही न लाजता लिहा, काही भस्मांतून शिसं अंगात जातं.

औषधांची नावं ब्रँडनं लिहू नका. आपल्याकडचा ब्रँड तिथं कुणाला माहीत नसतो. गोळीच्या पाठीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ०३/०४ म्हणजे आपल्याकडं ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. साखर, क्रिएटिनिन यांच्यापुढं एकक लिहा, युरोपात बऱ्याच ठिकाणी ते वेगळं असतं.

सावधान : पानावर स्वतःचं निदान लिहू नका. "गूगलवर वाचून आम्हाला अमुक वाटतं" ही ओळ असली की वाचणारा तिथंच वळतो. लक्षणं लिहा, तारीख लिहा.

## ३. इथं राहून गेलेलं इथंच उरका

गोषवारा घेऊन फॅमिली डॉक्टरांकडं जा आणि एकच विचारा : "यात कुठली साधी तपासणी राहिलीय?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्ल्यांमध्ये पाच-सहा स्पेशालिस्ट फिरून झालेले असतात, पण प्रत्येकानं आपल्या अवयवापुरतं बघितलेलं असतं. या टप्प्यावर एक अनुभवी फिजिशियन पकडा, जो सगळं एकत्र बघेल. कानात नव्यानं शंका घालणारा आणखी एक स्पेशालिस्ट नको.

लांबलेल्या तापासाठी ब्रुसेला, टीबीची नीट नमुना घेऊन तपासणी, हृदयाच्या झडपांचा संसर्ग बघायला रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). सांधे, त्वचा, बोटं यांच्या तक्रारी असतील तर रुमॅटॉलॉजिस्टच्या (संधिवाताच्या डॉक्टरांच्या) सांगण्यावरून अँटीबॉडीच्या तपासण्या. या गोष्टी तिकडं गेल्यावर करण्यापेक्षा इथं कितीतरी स्वस्तात होतात, आणि उत्तर इथंच सापडलं तर तुमचा पुढचा सगळा खर्च वाचतो.

फार मोठी चूक : तपासणीआधी स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक सुरू करणं. "आराम पडू दे" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बायोप्सीतली खूण पुसून टाकू शकतं, आणि अँटिबायोटिकनंतर घेतलेलं कल्चर कोरं येऊ शकतं. चालू असलेलं स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनानं अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे. नमुना कधी घ्यायचा ते डॉक्टरांना ठरवू दे.

"हे सगळं मनाचं आहे" असं कुणी सांगितलं असेल तर त्याचा राग येतो, मला माहीत आहे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या आणि त्यांचं मत लेखी घ्या. ते मत फाइलमध्ये असलं की पुढचा डॉक्टर तोच दरवाजा पुन्हा वाजवत नाही. आणि खरंच तिथं काही सापडलं तर त्यावर उपचार आहेत.

## ४. देशातलं मोठं दार आधी वाजवा

परदेश स्वस्त पडेल ही समजूत सोडा. थायलंड असो, तुर्कस्तान असो की जर्मनी, आपल्या माणसाला प्रवास, राहणं, दुभाषा आणि दोन माणसांचा खर्च धरून देशातल्या चांगल्या संस्थेपेक्षा ते महागच जातं. परदेश कामाला येतो तो एखादी विशिष्ट तपासणी किंवा एखाद्या दुर्मीळ आजाराचा अनुभव देशात नसेल तेव्हा.

मेंदू, नसा, स्नायू यांच्यासाठी बेंगळुरूची निम्हान्स. गुंतागुंतीच्या सगळ्यासाठी वेल्लोरची सीएमसी, दिल्लीची एम्स, चंडीगडची पीजीआय, लखनौची एसजीपीजीआय. कॅन्सरची शंका असेल तर मुंबईची टाटा मेमोरियल. दुर्मीळ आनुवंशिक आजारांसाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणात निवडक केंद्रं ठरवली आहेत, त्यात मुंबईचं केईएम आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांना अशा केंद्रात ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ही मदत परदेशातल्या उपचारांना नाही, हे लक्षात ठेवा.

आनुवंशिक शंका असेल तर एक्सोम तपासणी आधी देशात करा. जनुकसंचाचा फक्त एक-दोन टक्के भाग ती वाचते, पण माहीत असलेले बहुतेक दोष त्याच भागात असतात. शक्य असेल तर पेशंटबरोबर आई-वडिलांचंही रक्त द्या, अर्थ लावणं सोपं जातं. तपासणीआधी जनुकीय सल्लागाराशी बोला, नाहीतर हातात पन्नास पानांचा न कळणारा रिपोर्ट येतो.

तपासून घ्या : मोठ्या संस्थेत जाताना मिरज, बेळगाव, पुणे इथल्या लॅबमधले ब्लॉक सोबत न्या. "तिथं बघू" म्हणून रिकाम्या हातानं जाऊ नका.

दादाचं कोडं देशातच सुटलं, पण जरा वळसा घेऊन, ते पुढच्या टप्प्यात सांगते.

## ५. परदेशी मत घरबसल्या घ्या

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसे इथं वाचतात.

बरीच मोठी परदेशी हॉस्पिटलं कागदांवरून लेखी सेकंड ओपिनियन देतात. जर्मनीत अनेक विद्यापीठ रुग्णालयांत दुर्मीळ आजारांची केंद्रं आहेत. मारबुर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये न ओळखलेल्या आजारांसाठीच वेगळं केंद्र सुरू झालं. अशा ठिकाणी आधी ईमेलनं विचारणा करायची असते, थेट जाऊन बसायचं नसतं. प्रतीक्षा महिन्यांची असू शकते.

क्रम असा ठेवा. हॉस्पिटलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून त्यांच्या आंतरराष्ट्रीय पेशंट विभागाचा पत्ता काढा. गोषवाऱ्याचं एक पान आणि तीन प्रश्न पाठवा. त्यांनी होकार दिला की सुरक्षित लिंकवरून चित्रं चढवा. फी आधी विचारा, आणि मत लेखी मिळेल ना हेही विचारा. शक्य असेल तर व्हिडिओवर वीस-तीस मिनिटं मागा, आणि आपल्या इथल्या फिजिशियनना त्या वेळी शेजारी बसवा.

तीन प्रश्न म्हणजे तीनच. "काय झालंय?" हा प्रश्न नाही. "पुढची कुठली एक तपासणी उत्तराच्या सर्वांत जवळ नेईल? ती भारतात होते का? तिचा निकाल काही आला तरी उपचार बदलतील का?" हे प्रश्न आहेत.

आमच्या व्हिडिओ कॉलवर तिकडच्या फुफ्फुसाच्या डॉक्टरबाईंनी पान वाचून पहिल्यांदा विचारलं, "कास्टिंग घासणं म्हणजे नक्की काय करतात?" दादा उठून उभा राहिला आणि हातातल्या ग्राइंडरचा आव आणून, तोंड कसं धुळीच्या बाजूला यायचं ते दाखवलं. तोंडाला काय बांधायचा, तर रुमाल. त्या काही क्षण गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला इथं यायची गरज नाही, जुन्या बायोप्सीच्या स्लाइड ध्रुवित प्रकाशाखाली पुन्हा बघायला सांगा आणि रुमॅटॉलॉजिस्टला बोटं दाखवा. स्लाइड मुंबईत पुन्हा वाचल्या. सिलिकाच्या धुळीचा आजार, आणि जोडीला कातडी ताठरणारा स्क्लेरोडर्मा. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळतो. तो ब्लॉक सगळा वेळ पन्नास किलोमीटरवर मिरजेत होता.

सावधान : रक्ताचे किंवा पेशींचे नमुने बॅगेत टाकून किंवा साध्या कुरिअरनं परदेशी पाठवू नका. त्याला नियम आणि परवानग्या आहेत. ते काम लॅबकडून लॅबकडं होऊ दे. स्लाइड पाठवताना सगळ्या एकदम पाठवू नका, ब्लॉक शक्यतो इथंच राहू द्या.

## ६. जायचं की नाही

लेखी मत आल्यावर आठवडाभर थांबा. जायचं ते तीनच कारणांसाठी : जी तपासणी देशात होत नाही ती, जो उपचार देशात मिळत नाही तो, किंवा ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सांगता येणार नाही असं लेखी कळवलंय ते. "एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून मनाचं समाधान" हे कारण असेल तर ते घरात उघड बोला, आणि त्या समाधानाची किंमत किती एकर आहे हेही बोला.

## ७. डॉक्टर, हॉस्पिटल, एजंट : तिघांना वेगवेगळं तपासा

डॉक्टरचं नाव मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. "आमची टीम बघेल" चालणार नाही. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची, सिंगापूरमध्ये सिंगापूर मेडिकल कौन्सिलची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. नाव, स्पेशालिटी, परवाना चालू आहे का, सगळं कळतं. इतर देशांतही अशी परिषद असते, आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसारखी.

हॉस्पिटलला जेसीआय (हॉस्पिटलं तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मान्यता आहे असं सांगितलं तर जेसीआयच्याच वेबसाइटवर शोधा. ती मान्यता हॉस्पिटलच्या कामाच्या पद्धतीला असते. तुमचा आजार तिथल्या डॉक्टरला कळतो याची ती हमी नाही.

एजंटला हॉस्पिटलकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नसेलही, पण त्याचा सल्ला फुकटचा नसतो. त्याला विचारा, "तुम्ही फक्त याच हॉस्पिटलचं काम करता का?" आणि हॉस्पिटलला स्वतंत्र मेल करून तेच एस्टिमेट त्यांच्याकडून थेट मागवा. दोन्हींत फरक आला तर कळायचं ते कळतं.

निदान न झालेला माणूस फसवणाऱ्यांना लांबून दिसतो. हे कानावर आलं की उठा :

- "शंभर टक्के निदान" किंवा "बरं करून पाठवतो".
- निदान नसतानाच स्टेम सेल, रक्तशुद्धी, डिटॉक्स.
- केसांवरून किंवा रक्ताच्या एका थेंबावरून सगळे आजार सांगणारी तपासणी.
- पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मागणं.
- "ऑफर रविवारपर्यंतच."
- जुने रिपोर्ट बघायला नकार, "आमच्याकडं सगळं नव्यानं होतं".

शेवटच्याला आम्ही फसलो. तेव्हा तो काटेकोरपणा वाटला होता.

## ८. खर्च लेखी घ्या, आणि त्यात काय नाही ते विचारा

एस्टिमेटमध्ये डॉक्टरांची फी, हॉस्पिटलचं बिल आणि लॅब वेगवेगळे असू शकतात. ब्रिटनमधल्या खासगी उपचारांत कन्सल्टंटचं बिल बऱ्याचदा स्वतंत्र येतं. जर्मनीत डॉक्टरांच्या फीचं दरपत्रक कायद्यानं ठरलेलं आहे, त्यामुळं एस्टिमेटचा आधार विचारता येतो. विद्यापीठ रुग्णालयं साधारणपणे सगळी रक्कम आधी भरून घेतात आणि उरलेली परत करतात. अमेरिकेत २०२२ पासून विमा नसलेल्या पेशंटला आधी लेखी अंदाज मागायचा हक्क आहे, आणि बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर दाद मागता येते.

मेलमध्ये हे विचारा : आधीच्या कुठल्या तपासण्या तुम्ही मान्य कराल? दाखल व्हावं लागलं तर रोजचा खर्च किती? आयसीयू लागलं तर? दुभाषाचे पैसे वेगळे का? उरलेली रक्कम किती दिवसांत परत? आकड्यावर तिसरा हिस्सा जास्त धरा, हा माझा स्वतःचा हिशोब आहे. तेवढं जमत नसेल तर जाऊ नका.

विम्याबद्दल : आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यात परदेशातले उपचार बसत नाहीत. प्रवास विम्यात आधीचा आजार आणि उपचारांसाठीच केलेला प्रवास साधारणपणे वगळलेला असतो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, पण तो अचानक आलेल्या संकटासाठी. तुमच्या ठरलेल्या तपासण्या त्यातून निघणार नाहीत.

## ९. पासपोर्ट, व्हिसा, बँक

पासपोर्टचं काम कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं, त्यासाठी पुण्याला धावू नका. सोबत जाणाऱ्याचा पासपोर्टही आत्ताच काढा. ऐन वेळी सोबतीचाच नसतो.

व्हिसा खऱ्या कारणाचा काढा. पर्यटक म्हणून जाऊन हॉस्पिटलात दाखल होणं अंगाशी येतं. साधारण सगळीकडं लागतं ते : इथल्या डॉक्टरांचं पत्र, तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र (काय करणार, किती दिवस, किती खर्च), पैशांचा पुरावा, परत येण्याची कारणं. अमेरिकेसाठी बी-२ व्हिसा, त्याची मुलाखत मुंबईत. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो, खासगी उपचारांसाठी ११ महिन्यांपर्यंत मागता येतो. इथल्या डॉक्टरांच्या पत्रात "निदान झालेलं नाही, निदानासाठी तपासणी आवश्यक" असं स्पष्ट लिहून घ्या. निदानाची जागा कोरी सोडली की अर्ज अडकतो.

पैसे बँकेतून पाठवा, थेट हॉस्पिटलच्या नावावर. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचारांसाठी त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांच्या किंवा हॉस्पिटलच्या एस्टिमेटवर बँक परवानगी देऊ शकते. बँकेच्या ए-२ फॉर्ममध्ये (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) कारण "वैद्यकीय उपचार" असंच टाका. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ आयकर) कापते. उपचारांसाठी दर कमी आहे, चुकीचं कारण टाकलं तर बराच जास्त लागतो. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून वळती करता येते, पण तोवर ती अडकते. म्हणून ती हिशोबात धरा.

## १०. प्रवास आणि तिथले दिवस

ऑक्सिजन लागत असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगा. मुंबईचं विमान पहाटेचं असेल तर आदल्या रात्री कोल्हापुरातून गाडीनं निघून थेट विमानतळ गाठायचा हट्ट करू नका. आजारी माणूस आधीच गळलेला असतो. एक दिवस मुंबईत मुक्काम करा.

औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली औषधं आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाहीत, आणि तिथं फक्त विमान बदलणार असाल तरी आधी चौकशी करून घ्या. साधं खोकल्याचं औषधसुद्धा बघून घ्या.

पहिल्या भेटीत दुभाषा हॉस्पिटलचा घ्या. घरचा मुलगा आईचं "अंग जड पडतं" याचं भाषांतर भलतंच करू शकतो. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी वहीत लिहा : काय म्हणाले, काय ठरलं, कुठल्या तपासणीसाठी आपण हो म्हटलं. एस्टिमेटच्या बाहेरची तपासणी सुचवली तर तीन गोष्टी विचारा : कशासाठी, किती पैसे, उपचार बदलतील का. इथल्या फिजिशियनना रात्री फोन लावायची सोय आधीच ठरवून ठेवा.

निघण्याआधी तिथंच घ्या : इंग्रजीतला पूर्ण सारांश, नवीन चित्रं डायकॉममध्ये, नवीन स्लाइडचा संच, अजून न आलेल्या रिपोर्टची यादी आणि ते कुणाकडून कधी येणार, औषधांची मूळ नावं, आणि मदतीला एक ईमेल, ज्याला माणूस उत्तर देतो. विमानतळावर बसून यातलं काही मागता येत नाही.

## ११. परतल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी फाइल घेऊन त्याच फिजिशियनकडं जा, ज्यांच्याकडून तिसऱ्या टप्प्याला सुरुवात केली होती. तिकडची औषधं इथं मिळतात का, पर्याय कोणता, रक्ताच्या तपासण्या किती दिवसांनी, कुठल्या आकड्याला घाबरायचं, हे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. तो कागद फ्रिजवर चिकटवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

निदान नाही झालं तरी फाइल बंद करू नका. गोषवाऱ्याच्या पानावर दर सहा महिन्यांनी तारीख टाकून नवीन लक्षणं जोडा, जनुकीय डेटा दोन वर्षांनी पुन्हा वाचायला द्या. दादाचं पान आता चार ओळींनी वाढलंय. फाउंड्रीतल्या त्याच विभागातली आणखी दोन माणसं मागच्या महिन्यात घरी आली होती, खोकत. त्यांच्या केसपेपरवर "व्यवसाय : नोकरी" असंच होतं. दादानं पेन घेऊन तिथं "कास्टिंग घासणं, ९ वर्षं" असं लिहिलं, आणि मग त्यांना सीपीआरला घेऊन गेला.